सतरा जणांचं एकच चुकलेलं उत्तर

शनिवारी नवोदयची सराव चाचणी घेतली. २६ मुलं, २६ उत्तरपत्रिका. ६३व्या प्रश्नात १७ जणांनी 'ए'चं वर्तुळ काळं केलं होतं आणि बरोबर उत्तर होतं 'बी'. पहिली शंका आली ती कॉपीची. पण बाकं लांब होती आणि त्याच मुलांची ६४वं, ६५वं उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती. म्हणजे सतरा जण आपापल्या डोक्याने एकाच खड्ड्यात पडले होते.

ज्यांना या परीक्षेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाचवीतली मुलं जवाहर नवोदय विद्यालयात सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा देतात. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. पहिले ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, पुढचे २० गणिताचे, आणि ६१ ते ८० भाषेचे. भाषेत चार उतारे असतात, प्रत्येकावर पाच प्रश्न, आणि या भागासाठी ३० मिनिटं धरलेली असतात. एक प्रश्न सव्वा गुणाचा, चुकलं तरी गुण कापत नाहीत. उताऱ्याखालच्या प्रश्नांत समानार्थी किंवा विरुद्धार्थी शब्द हमखास विचारतात, आणि तो शब्द उताऱ्यातूनच उचललेला असतो. शब्दांचा वेगळा विभाग नसतो. ही गोष्ट शिकवताना आपणच विसरतो आणि मुलांच्या हातात जोड्यांच्या याद्या देतो.

शनिवारचा उतारा मीच लिहिला होता. त्यातला कामाचा भाग असा:

"गावात पाणी अडवण्याचे काम सुरू झाले तेव्हा बरेच लोक उदासीन होते. बैठकीला फारसे कोणी येत नसे. जे येत ते कोपऱ्यात हसत-खिदळत गप्पा मारत बसत. पुढच्या पावसाळ्यात पहिल्या बंधाऱ्यात पाणी साठले आणि तेच लोक फावडी घेऊन हजर झाले."

'उदासीन' या शब्दाचा जवळचा अर्थ कोणता? ए) दुःखी, बी) अलिप्त, सी) रागावलेले, डी) उत्सुक.

'दुःखी'वर १७, 'अलिप्त'वर ६, 'उत्सुक'वर २, 'रागावलेले'वर १. शब्दांची वही उघडून पाहिली. चारशेच्या वर जोड्या होत्या, पण 'उदासीन' कुठेच नव्हता. 'उदास – दुःखी, खिन्न' मात्र होता. मुलांनी शेजारच्या घरचा पत्ता दिला होता. याद्यांची खोड हीच असते. मूल शब्द वाचतच नाही, त्याचा चेहरा ओळखीचा वाटला की थांबतं. 'उदासीन'मधला 'उदास' दिसला आणि पुढच्या ओळीतली हसत-खिदळत बसलेली माणसं कोणी पाहिलीच नाहीत.

मधल्या सुट्टीनंतर ठरलेला गणिताचा तास सोडून दिला आणि उतारा फळ्यावर लिहिला. 'उदासीन'च्या जागी डस्टर फिरवलं आणि रिकामी रेघ ठेवली. पर्यायही लिहिले नाहीत. विचारलं, "ही माणसं कशी होती? तुमच्या शब्दांत सांगा."

हात भराभर वर आले. "त्यांना काही पडलेलं नव्हतं." "आपलं काय जातंय, असं." "मॅडम, टाइमपास करत होते." शब्द झाकल्यावर ज्यांना अर्थ अचूक सांगता आला, त्यांतल्या बहुतेकांनी शब्द दिसत असताना 'दुःखी' लिहिलं होतं. अडचण आकलनाची नव्हती, शब्दच मध्ये येत होता.

मग विचारलं, "कशावरून?" वर्गात आम्ही याला पुरावा म्हणतो. एकीने 'फारसे कोणी येत नसे' दाखवलं, एकाने 'हसत-खिदळत'. तिसरा पुरावा सगळ्यांत पक्का होता आणि तो काढायला वेळ लागला: 'आणि तेच लोक'. पुढे ते हजर झाले, म्हणजे आधी त्याच्या उलट होते. दुःखी माणूस फावडं घेऊन आला तर त्याची उलटी बाजू कुठली? तिथे 'दुःखी' गळून पडतो. तिन्ही पुरावे शब्दाच्या नंतरच्या वाक्यांत होते, हेही मुलांना दाखवलं. अडलेल्या शब्दापाशी मुलं मागे वळून पुन्हा पुन्हा वाचतात. बरेचदा दोन वाक्यं पुढे जायला हवं असतं.

आता पर्याय लिहिले, आणि इथे मला न सुचलेली गोष्ट निघाली. "काही पडलेलं नव्हतं" हे सगळ्यांत आधी सांगणारी मुलगी पर्याय बघून गप्प झाली. तिला 'अलिप्त' म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. हात वर करायला सांगितले तर निम्म्याहून जास्त मुलांचं तेच. संदर्भातून अर्थ काढता आला तरी तो ज्या शब्दात मांडलाय तो शब्द परका असेल तर वर्तुळ चुकीचंच काळं होणार. पर्यायांना संदर्भ नसतो, ते उघडेबोडके चार शब्द असतात. तिथे पाठांतराचा साठाच कामाला येतो. तेव्हा याद्या फेकून द्या, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. यादी पर्यायांसाठी, उतारा शब्दासाठी, एवढी वाटणी केली की भांडण मिटतं. पर्यायांतला एखादा शब्द अनोळखी असेल तर मुलं तो आधी बाद करतात. उलट करायचं: ओळखीचे तीन एकेक करून वाक्यात बसवून पाहायचे. तिन्ही बसत नसतील तर उरलेला अनोळखीच उत्तर. त्या सहा जणांपैकी दोघांनी 'अलिप्त' असाच गाठला होता. अर्थ ठाऊक नव्हता, पण बाकीचे तिन्ही खोटे ठरत होते.

दुसऱ्या उताऱ्यातला शब्द होता 'रीघ'. 'पहाटेपासून भाविकांची रीघ लागली होती, ती रात्रीपर्यंत खंडली नाही.' पर्याय ओढ, रांग, घाई, शर्यत. नऊ जणांनी 'ओढ' निवडला. कारण सरळ आहे: 'ओढ लागणे' कानावरून गेलेलं असतं. शब्दाच्या शेजारचं क्रियापद ओळखीचं निघालं की मूल फसतं. शिवाय चारही पर्याय स्त्रीलिंगी, त्यामुळे 'लागली'शी सगळ्यांचंच जुळतं आणि व्याकरणाची चाळणी इथे काही गाळत नाही. एरवी ती फार उपयोगी पडते. झाकलेल्या शब्दाआधी 'मोठा' आहे की 'मोठी', एवढ्यावर एखादा पर्याय फुकटात बाद होतो. इथे गाळतं ते 'खंडली नाही'. सलग चालू राहते ती रांग. ओढ काही पहाटे सुरू होऊन रात्री मोजायला येत नाही.

त्यानंतर 'पात्र'. प्रश्न सोपा होता, 'उन्हाळ्यात नदीचे पात्र कोरडे पडते', तरी चौघांनी 'भांडे' लिहिलं. फळ्यावर चार वाक्यं लिहिली: नदीचं पात्र, शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थी, नाटकातलं पात्र, तांब्याचं पात्र. चारही वाक्यांत तो शब्द झाकून काय बसतं ते विचारलं. एका शब्दाला चार खुर्च्या, हे मुलांना आवडलं. लगेच त्यांनी 'अंक', 'वर', 'हार', 'भाव' काढले. 'अंक'ला दिवाळी अंक आणि नाटकाचा अंक लगेच आले, मांडीवर कुणी गेलं नाही. ते मी सांगितलं.

उपसर्गांवर जास्त वेळ जाऊ दिला नाही, पण एक इशारा दिला. 'अ', 'बे', 'निर्' दिसलं की नकार, हा नियम बऱ्यापैकी चालतो: अपुरा, बेसावध, निर्भय. मग 'अमूल्य' येतो आणि मुलं 'किंमत नसलेला' लिहितात. खरं तर ज्याची किंमतच करता येत नाही तो. 'निष्णात'मध्येही मुलांना नकार दिसतो, आणि त्याचा अर्थ पारंगत. उपसर्गाने अंदाज बांधायचा, उत्तर मात्र वाक्यात बसवून पाहिल्याशिवाय द्यायचं नाही.

राहिला विरुद्धार्थी शब्दांचा घोळ. ७६व्या प्रश्नात 'विरळ'चा विरुद्धार्थी विचारला होता. पर्यायांत 'तुरळक'ही होता आणि पाच जणांनी तोच उचलला. अर्थ त्यांना येत होता, प्रश्न पुरता वाचला नव्हता. असे पर्याय मुद्दाम पेरलेले असतात. आता प्रश्नपत्रिकेतल्या 'विरुद्धार्थी' शब्दाखाली रेघ मारल्याशिवाय पर्यायांकडे बघायचं नाही, असा दंडक केलाय. अशी चूक परीक्षेत निस्तरता येत नाही. उत्तरपत्रिकेवर पेनने काळं केलेलं वर्तुळ खोडता येत नाही.

वहीची आखणी त्याच दिवशी बदलली. पूर्वी डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, रोज २० जोड्या. आता रोज पाचच शब्द आणि चार रकाने: उताऱ्यातलं अख्खं वाक्य, शब्द झाकून सुचलेला आपला शब्द (बोलीतला असला तरी चालेल), शब्दकोशातला अर्थ, आणि स्वतःचं वाक्य. दुसरा रकाना खोडायचा नाही, चुकला असला तरी. अंदाज कुठे भरकटतो ते त्यातूनच कळतं. झाकायला दोन बोटं रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी. सराव करताना सुरुवातीला एका शब्दामागे दोन-तीन मिनिटं जातात आणि पालक विचारतात, एवढ्या वेळात उतारा कधी व्हायचा? ३० मिनिटांत चार उतारे म्हणजे एकाला साडेसात मिनिटं, हा हिशोब खराच आहे. पण पट्टी परीक्षेत वापरायची नसते. दीड-दोन महिन्यांनी ती नजरेनेच सरकते.

जाताना सगळ्यांना 'उदासीन' घालून एकेक वाक्य लिहायला सांगितलं. सूचना एकच: आधी 'बाबत' किंवा 'विषयी' घ्यायचं. माणूस नुसता उदास असू शकतो, पण उदासीन म्हटलं की कशाबद्दल ते बहुधा सांगावं लागतं. हा फरक अर्थ पाठ करून बोटांत उतरत नाही, वाक्य लिहूनच उतरतो. सात जणांनी सूचना ऐकूनही 'आजी गावाला गेल्यावर मी उदासीन झालो' छापाची वाक्यं लिहिली. त्यांची पानं सोमवारसाठी बाजूला काढली आहेत. ज्या मुलाने चाचणीत 'रागावलेले' लिहिलं होतं, त्याचं वाक्य होतं: 'आमचा कुत्रा चोरांबाबत उदासीन आहे.'