दोन आजार आणि दोन दारे: भावाच्या उपचारांचा माझा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला दारूचे व्यसन आहे आणि त्याच्या जोडीला बायपोलर हा, म्हणजे मनाच्या टोकाच्या चढउतारांचा, मनोविकारही आहे. पहिली गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती; दुसरी आम्हा घरच्यांनाही बराच काळ ठाऊक नव्हती. आम्ही मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. या दोन्ही आजारांवर एकाच वेळी आणि एकमेकांशी बोलणाऱ्या डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून आम्हाला जे करावे लागले, ते मी येथे लिहीत आहे. महाराष्ट्रात असे उपचार मिळतात, परंतु वाट माहीत नसलेल्या कुटुंबाचा मोलाचा काळ या दारातून त्या दारात पाठवले जाण्यातच निघून जातो.

सुरुवातीला आमच्या बोलण्यात फक्त दारूच होती. भावाने पंढरपूरला जाऊन माळ घातली, आणि तिच्या बळावर तो काही महिने खरोखर दारूपासून दूर राहिला. त्या श्रद्धेचे मोल मी कमी मानत नाही. मात्र त्या कोरड्या काळातही तो कधी रात्र-रात्र जागून मोठमोठे बेत आखायचा, उसनवारी करून नवा धंदा उभारायला निघायचा, आणि त्यानंतर कित्येक दिवस अंथरुणातून उठायचा नाही, अंघोळ करायचा नाही, कोणाशी बोलायचा नाही. पुढे निदान करताना डॉक्टरांनी नेमक्या याच काळाबद्दल सर्वाधिक विचारले. दारूमुळेही माणूस खचतो, चिडतो, त्याची झोप उडते. पण दारू थांबून महिना उलटल्यावरही मनाचे असे चढउतार टिकून राहत असतील, तर मूळचा वेगळा मनोविकार असण्याची शक्यता तपासावी लागते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी दारू बंद असतानाच्या काळातील वागण्याची, झोपेची आणि खर्चाची नोंद तारखांसह ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. माझ्या भावजयीने किराणा हिशेबाच्या वहीतच ती ठेवली होती आणि डॉक्टरांनी ती वही पानन् पान वाचली.

भावाने जीव नकोसा झाल्याचे बोलून दाखवले तेव्हा आम्ही शेजारच्या जिल्ह्यातील एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. त्याचे ते बोलणे ऐकताच तेथील व्यवस्थापकांनी सांगितले, "मानसिक पेशंट आम्ही घेत नाही." त्यानंतर ज्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो त्यांचे म्हणणे होते की आधी दारू सुटू द्या, मग औषधे सुरू करू. दोघांचीही आपापली अडचण असेल, हे मी समजू शकते. पण एकीकडे मन बिघडले म्हणून व्यसनाचा उपचार नाही, आणि दुसरीकडे व्यसन आहे म्हणून मनाचा उपचार नाही, अशा स्थितीत रुग्णाने जायचे कोठे?

याचे एक कारण व्यवस्थेच्या रचनेत आहे. व्यसनग्रस्तांसाठीच्या पुनर्वसन केंद्रांना केंद्र सरकारचे अनुदान मिळते ते सामाजिक न्याय मंत्रालयाकडून. मनोरुग्णालये, जिल्हा रुग्णालयांतील मनोविकार विभाग आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हे आरोग्य खात्याकडे आहेत. रुग्ण एकच असला तरी त्याच्या आजाराचे दोन भाग दोन खात्यांत वाटले जातात. कायद्याने मात्र ही वाटणी मानलेली नाही. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराची जी व्याख्या दिली आहे, तीत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे. ही ओळ मी छापून सोबत ठेवू लागले, आणि पुढे एकाहून अधिक ठिकाणी ती कामी आली.

पुढचा भाग जिवाशी संबंधित आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. या धावपळीत नातेवाइकांनी सुचवले की त्याला शेतावरच्या खोलीत चार दिवस कोंडून ठेवा, आपोआप सुटेल. आमच्याकडे हा उपाय सर्रास केला जातो. रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी बंद झाली, तर पहिल्या दोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, थरथर, ताप, नसलेल्या गोष्टी दिसणे अशी अवस्था उद्भवू शकते, जी उपचारांअभावी प्राणघातक ठरू शकते. भावाला पहिली फिट घरीच आली. आम्ही त्याला जिल्हा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेले, तेथून त्याला मेडिसिनच्या वॉर्डात दाखल करून घेतले गेले, आणि फिट व थरथर आटोक्यात ठेवणारी लोराझेपामसारखी औषधे व थायमिनची, म्हणजे ब १ जीवनसत्त्वाची, इंजेक्शने सुरू झाली. दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या शरीरात थायमिनची तीव्र कमतरता असू शकते आणि ती वेळीच भरून काढली नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावात सलाईन लावून घरी पाठवण्याची जी पद्धत आहे, तीत याचा विचार अनेकदा होत नाही. दारू सोडणे हा निश्चयाचा विषय असेलही, पण ती सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस हा पूर्णपणे वैद्यकीय विषय आहे.

'रुग्णाला न कळवता दारू सोडवा' अशा जाहिराती एसटी स्थानकाच्या भिंतींवर असतात, आणि एका काकांनी तसली पूड आणूनही दिली होती. ती आम्ही वापरली नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितले की दारू सोडवण्यासाठीचे डायसल्फिरामसारखे औषध रुग्णाला माहिती देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायचे असते, कारण ते घेतल्यावर दारू प्यायल्यास रक्तदाब अचानक कोसळण्यापर्यंत गंभीर परिणाम होऊ शकतात. पुडीत काय आहे हे ज्याला माहीतच नाही, तो माणूस त्या संध्याकाळी प्यायला तर काय होईल, याची कल्पनाही करवत नाही.

वॉर्डातूनच आम्हाला त्याच रुग्णालयातील मनोविकार बाह्यरुग्ण विभागाकडे पाठवण्यात आले, आणि खऱ्या अर्थाने वाट सापडली ती येथे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे, परंतु त्याअंतर्गत मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असा चमू जिल्हा पातळीवर काम करतो, हे आमच्या कुटुंबात कोणालाही माहीत नव्हते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले असल्याने केस पेपरलाही पैसे पडले नाहीत. रांग मोठी होती, डॉक्टरांना प्रत्येकासाठी मिळणारी मिनिटे थोडी होती, तरीही तेथील मानसोपचारतज्ज्ञ महिला डॉक्टरांनी भावाला समोर बसवून जे सांगितले ते कोणीच सांगितले नव्हते. "दारू आधी की मन आधी, हा हिशेब तुम्ही करत बसू नका. दोन्हींचा उपचार आजपासून सुरू करू." त्यांनी मनाचे चढउतार आटोक्यात ठेवणारे लिथियम हे औषध सुरू केले, त्यापूर्वी मूत्रपिंड व थायरॉइडच्या तपासण्या करून घेतल्या, आणि व्यसनासाठी समुपदेशनाची तारीख त्याच कागदावर लिहून दिली.

निवासी उपचारांची गरज होती. राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला यांतले एकही आलेले नाही. पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच, आणि त्याच्या संस्थापक डॉ. अनिता अवचट स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या, हे मला या शोधात कळले. मन आणि व्यसन यांचा एकत्र विचार करण्याची परंपरा आपल्या राज्यात इतकी जुनी आहे, आणि तरीही आमच्यासारख्यांना त्यासाठी जिल्हे ओलांडावे लागतात, याचे मला मनापासून दुःख आहे.

केंद्र निवडण्यापूर्वी आम्ही काही ठिकाणे प्रत्यक्ष पाहिली. एका ठिकाणी खिडक्यांना बाहेरून कुलपे होती, डॉक्टर कधी येतात याचे उत्तर मिळेना, आणि नातेवाइकांनी सही केली की गाडी पाठवून रुग्णाला झोपेतून उचलून आणण्याची 'सोय' असल्याचे अभिमानाने सांगण्यात आले. मी तेथून उठले. मनोविकारावर उपचार करणाऱ्या निवासी केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते आणि कोणत्याही रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास कायद्याने बंदी आहे. रुग्ण स्वतःच्या इच्छेने दाखल होत असेल तर ते मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८६ खाली होते, आणि त्याला स्वतःहून घरी जाण्याचा हक्क राहतो. तो निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल आणि स्वतःला किंवा इतरांना धोका असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयांत मदत करणाऱ्या व्यक्तीच्या, अर्जावरून कलम ८९ खाली जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी दाखल करता येते. परंतु त्यासाठी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, त्यांपैकी एक मानसोपचारतज्ज्ञच असावा लागतो, आणि तशी माहिती या कायद्याखालील मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावी लागते. ही केवळ कागदी औपचारिकता नाही. भावाने मला आपली नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून नेमले आणि दाखल होण्याच्या अर्जावर स्वतः सही केली. "ताई, मला कोणी उचलून आणलं नाही, मी आलोय," असे तो तेथील गटचर्चेत म्हणाल्याचे त्याने मला नंतर सांगितले, आणि त्याच्या टिकून राहण्यात या एका गोष्टीचा वाटा फार मोठा आहे असे मला वाटते.

जेथे तो राहिला तेथे मानसोपचारतज्ज्ञ नियमित येत होते आणि जिल्हा रुग्णालयाने सुरू केलेली औषधे त्यांनी न बदलता पुढे चालू ठेवली. हे सहज घडले नाही. केस पेपर, तपासण्यांचे अहवाल आणि औषधांची चिठ्ठी यांच्या प्रती मी आधीच पाठवल्या होत्या, आणि दोन्ही डॉक्टरांचे फोनवर बोलणे व्हावे असा आग्रह धरला होता. आपल्या उपचारांच्या मूलभूत नोंदी मिळणे हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे. संकोच न करता त्या मागाव्यात.

विम्याबाबत आमची निराशा झाली. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा संरक्षण असावे, असे याच कायद्याचे कलम २१ सांगते. पण विमा नियामकाने ठरवलेल्या प्रमाणित अपवादांत दारू व अमली पदार्थांच्या व्यसनावरील उपचारांचा अपवाद कायम आहे. त्यामुळे बायपोलरचे निदान कागदावर असूनही निवासी उपचारांचा आमचा दावा व्यसनाच्या कारणावरून नाकारला गेला. एका कायद्याने एकत्र आणलेले दोन आजार येथे पुन्हा वेगळे झाले. भावजयीने दागिने गहाण ठेवले तेव्हा कोठे तो खर्च भागला.

परतल्यानंतरचा काळ मला दाखल असतानाच्या काळापेक्षा कठीण वाटला. लिथियमचे रक्तातील प्रमाण ठरावीक काळाने तपासावे लागते, कारण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते. उन्हाळ्यात शेतात घाम जाऊन शरीरातील पाणी कमी झाले तरी ते वाढू शकते. ही तपासणी आमच्या जिल्हा रुग्णालयात होत नाही, म्हणून नमुना खासगी प्रयोगशाळेमार्फत बाहेर पाठवावा लागतो. औषध फुकट आणि ते सुरक्षित ठेवणारी तपासणी विकत, अशी ही परिस्थिती आहे. रात्री-अपरात्री भावाची झोप उडाली आणि बोलणे वाढू लागले की आम्ही टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करतो. ही निःशुल्क सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि तेथे मराठीतून बोलता येते. ती डॉक्टरांच्या भेटीची जागा घेत नाही, पण सकाळपर्यंत धीर धरता येईल की लगेच रुग्णालय गाठावे, हे ठरवायला तिचा आधार होतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या सभेला तो बसने जिल्ह्याच्या गावी जातो. तेथे औषधांविषयी एका सदस्याने नाराजी दाखवली होती, तेव्हा डॉक्टरांनी समजावले की मनोविकाराचे औषध म्हणजे नवे व्यसन नव्हे, आणि सभाही सोडू नका, गोळ्याही सोडू नका.

एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय अहवालानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणता तरी उपचार मिळाला होता. भावासोबत रांगेत उभी असताना मला वारंवार त्या उरलेल्या ३७ जणांचा विचार येत असे, कारण त्यांतील कितीतरी आमच्याच तालुक्यातील असतील.

मानसिक आजाराच्या रुग्णाला उपचारांसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, ही जबाबदारी मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ ने शासनावर टाकली आहे. त्याच कलमाचा आधार घेऊन, लिथियमची तपासणी जिल्हा रुग्णालयातच व्हावी आणि मनोविकार व व्यसन यांसाठी आठवड्यातून एक सामाईक बाह्यरुग्ण दिवस ठेवावा, असा लेखी अर्ज भाऊ, भावजय आणि मी मिळून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे दिला आहे. त्याच रांगेत भेटलेल्या इतर काही कुटुंबांनीही त्यावर सह्या केल्या आहेत. पोच मिळाली आहे. उत्तर यायचे आहे, आणि तोवर प्रत्येक तारखेला आम्ही त्याची विचारणा करत आहोत.