आमची वाटचाल : म्यूट म्हणजे बंद नव्हे

स्टुडिओ आम्ही दोघांनी काढला. भागीदार वाजवायचा, मिक्सिंग माझ्याकडे. जिंगल, माहितीपट, नाटकांचं पार्श्वसंगीत करण्यात पहिली वर्षं गेली. पैसे वेळेवर येत होते, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते त्या मालिकेचं. दुसऱ्या एका स्टुडिओने अर्धवट सोडलेलं काम आमच्याकडे आलं. सेशन, म्हणजे संगणकातली त्या कामाची फाइल, उघडलं तर ट्रॅकची रांग संपेना, आणि निम्म्याहून अधिक म्यूट. नापसंत ठरलेला प्रत्येक सिंथ, टाकून दिलेली प्रत्येक स्ट्रिंग्स लायब्ररी, संगणकात वाजणारी ही सगळी वाद्यं जागच्या जागी. दिग्दर्शक शेजारी बसलेले. प्ले दाबलं आणि नुसती कडकड. म्यूट केल्याने आवाज मिक्सरवर अडतो, पण मागे वाद्य मिडी, म्हणजे कुठला सूर कधी वाजवायचा त्या सूचना, घेतच राहतं, प्रत्येक सुराच्या आवाजाचं गणित करत राहतं, रॅम सोडत नाही. संगणक आवाज तुकड्यातुकड्याने तयार करतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. 48 किलोहर्ट्झला 256 सॅम्पलचा बफर म्हणजे जेमतेम 5.3 मिलिसेकंद. तेवढ्यात हिशेब उरकला नाही की आवाज फाटणारच. एकेक वाद्य तपासतो म्हटलं, पण त्यांना थांबायला वेळ नव्हता.

काम परत त्याच स्टुडिओकडे गेलं. वर 'त्यांच्या मशीनला झेपत नाही' ही आवई उठली. गिऱ्हाइकं तुटली, भाडं थकलं, चांगले मायक्रोफोन विकायला काढले. भागीदारही गेला. कुठे गेला ते आमच्या धंद्यातल्यांना ठाऊक आहे.

टिकल्या त्या माहितीपट करणाऱ्या एक बाई. ऐकीव गोष्टीवर न विसंबता त्यांनी येऊन सरळ विचारलं. मी त्यांच्याच फिल्मचं सेशन उघडून नाकारलेली वाद्यं नुसती म्यूट केली. रॅमचा आकडा हलला नाही, सीपीयूचा मीटरही वरच. मग रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक वाद्य ऑफलाइन करत, म्हणजे रॅममधून उतरवत गेलो तसे दोन्ही खाली आले. बाई म्हणाल्या, "म्हणजे पडदा पाडला, पण नट मागे नाचतायतच की!" पुढची फिल्म त्यांनी आम्हालाच दिली.

नवीन मुलांनी एवढं करावं. वाद्य लागणार नसेल तर क्यूबेस या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक डिसेबल करा, प्रो टूल्स असेल तर त्यात इनॅक्टिव्ह. लागणार असेल पण बदलायचं नसेल तर फ्रीज, म्हणजे त्याचा तयार आवाज साठवून तोच वाजवणं. बायपासवर, म्हणजे वाद्य तात्पुरतं वगळण्याच्या बटणावर, भिस्त ठेवू नका. गणित थांबलं तरी वाद्याचे रेकॉर्ड केलेले सूर बहुधा रॅममध्येच राहतात. लांब सूर चालू असताना बायपास केलं तर कधी नोट-ऑफ, म्हणजे सूर थांबवण्याची सूचना, वाद्यापर्यंत पोचत नाही, आणि परत चालू केल्यावर तो सूर अडकून बसतो. मग मिडी कंट्रोलर 123 पाठवा, म्हणजे ऑल नोट्स ऑफ. तेवढ्याने नाही भागलं तर 120, म्हणजे ऑल साउंड ऑफ. मल्टिआउट, म्हणजे अनेक आउटपुट असलेल्या, वाद्याचा एकच आउटपुट म्यूट करून निश्चिंत बसणारे तर मी रोज बघतो.

त्या स्टुडिओची सेशनं अजूनही फिरत फिरत आमच्याकडे येतात. ट्रॅक तसेच म्यूट. साफसफाईचे पैसे आम्ही आता वेगळे लावतो.