मंगळवारची गरी

परदेशात राहणाऱ्या लेकीकडे लांबच्या मुक्कामाला गेलेल्या आईवडिलांचे शनिवार-रविवार झकास जातात. धबधबे होतात, डोंगर होतात, गणपतीचं देऊळसुद्धा होतं. प्रश्न असतो मंगळवारचा. लेक-जावई कामावर, नातू शाळेत, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि भांडी घासायलासुद्धा यंत्र. बायकांचं त्यातल्या त्यात बरं चालतं, त्या परक्या स्वयंपाकघराचा ताबा दोन दिवसांत घेतात. बाप्यांचे हाल होतात. ते खिडकीशी उभे राहून शेजाऱ्याच्या गाड्या मोजतात, भारतात आत्ता किती वाजले असतील याचा हिशेब करतात आणि चहा मागतात. मुक्काम आठवड्याचा असेल तर हे खपून जातं. महिन्यांचा असेल तर घरात कुरबुर सुरू होते.

डिसेंबरात आम्ही दोघं ऑकलंडला निघालोय. पर्यटनाचं नियोजन लेकीने केलंय, त्यात मी नाक खुपसलेलं नाही. मी मंगळवारचं नियोजन करतोय. मी गरवायला, म्हणजे गरी टाकून मासे धरायला, जाणार आहे.

रत्नागिरीत त्याला नियोजन लागत नाही. तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, दोन-चार गऱ्या, शिशाचा तुकडा, पिशवीत थोडी कोळंबी, की भाट्याच्या खाडीवर जाऊन बसायचं. भरतीची वेळ तिथीवरून निघते: तिथीची पाऊणपट करा, झालं. अष्टमी म्हणजे सहाची भरती. मासा मिळाला तर कालवण, नाही मिळाला तर आमटी आहेच. कुणी कागद मागत नाही, कुणी लांबी विचारत नाही. विचारलीच तर ती चव्हाट्यावर, आणि तिथे सांगताना ती आपोआप वाढते.

न्यूझीलंडबद्दल वाचायला घेतलं तेव्हा पहिला सुखद धक्का हा की समुद्रात हौसेने मासे धरायला तिथे परवाना लागत नाही. पाहुण्यालाही नाही. म्हणजे धक्क्यावर जाऊन बसायला मी मोकळा. मात्र धरलेला मासा विकता येत नाही, कशाच्या बदल्यात देताही येत नाही. माझी तेवढी कमाई होणारच नाही, तेव्हा तो कायदा मी आनंदाने पाळणार.

पण खरी गंमत ऑकलंडच्या भूगोलात आहे. हे शहर जमिनीच्या एका अरुंद पट्टीवर वसलंय. पूर्वेला वाइटेमाटा बंदर, पश्चिमेला मानुकाऊ. एका शहराला दोन समुद्र, आणि दोन्हीकडच्या भरतीत सुमारे तीन तासांचा फरक! ज्याने आयुष्यभर एका खाडीच्या भरतीवर दिवस बेतला, त्याला ही चैन वाटते. एका बाजूची भरती हुकली तर बसमध्ये बसा आणि दुसऱ्या बाजूची गाठा. आमचं पाऊणपटीचं गणित तिथे चालणार नाही, ते इथल्या किनाऱ्याचं. पण अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी, सगळ्या जगाला सारखाच. म्हणून भिंतीवरची दिनदर्शिका काढून सामानात टाकली आहे. तिथल्या भरतीचं कोष्टक फोनवर मिळतं, असं लेक म्हणते. मिळू दे.

तिथला लाडका मासा म्हणजे स्नॅपर, माओरी नाव तामुरे. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या थंडीत, तो अंडी घालायला उथळ पाण्याकडे येतो, म्हणून डिसेंबर. पूर्व किनाऱ्यावर माणशी दिवसाला ७, आणि ३० सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर परत पाण्यात. पश्चिम किनाऱ्यावर माणशी १० आणि २७ सेंटिमीटर. म्हणजे सकाळी मानुकाऊत धरलेला कायदेशीर मासा वाइटेमाटात बेकायदा ठरला असता! लांबी मोजायची ती तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत. नातवाची शाळेची फूटपट्टी नेमकी ३० सेंटिमीटरची असते, ती मागून घेणार आहे. मत्स्य खात्याचं ॲपही आहे, सगळे आकडे त्यात. पण ओल्या हाताने फोन चालवणं मला जमणार नाही.

नियमांवर नाक मुरडणारे आमच्यात पुष्कळ आहेत. मला विचाराल तर हे आकडे वाचून मला आमच्या बाजारातली बोटाएवढी पापलेटं आठवली. मोठी होऊ दिली असती तर ताट भरलं असतं, आता कालथ्यावर शोधावी लागतात. असो. इथे सांगून कोण ऐकतंय.

घरातले नियम वेगळे. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्याकडे मासळी शिजत नाही, आणि हिने स्पष्ट सांगितलंय की विषुववृत्त ओलांडल्याने वार बदलत नाहीत. तेव्हा सरकारी मर्यादा दिवसाला ७, घरची मर्यादा आठवड्याला चार दिवस. दोन्ही मिळून मंगळवार-बुधवार हेच जोडून सोयीचे. जावयांनी एखाद्या मंगळवारी रजा काढून सोबत येऊ का विचारलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. संध्याकाळी मात्र चालेल. डिसेंबरात तिथे साडेआठच्या पुढे सूर्य मावळतो, कामावरून आल्यावरही गळ टाकायला उजेड उरतो.

जागेबाबत लेकीचा हुकूम आहे: फक्त धक्के. पूर्वेला मरीज बे, पश्चिमेला कॉर्नवॉलिस, दोन्ही ठिकाणी लोक खुर्च्या टाकून गरवतात. पश्चिमेच्या उघड्या समुद्रावर पिहा, मुरीवाईला खडकांवरून मोठे मासे लागतात, पण त्या खडकांवरून लाटांनी माणसंही ओढून नेली आहेत. कोकणातल्या माणसाला समुद्राचं भय सांगावं लागत नाही. तरी मुलगी सांगते, आपण मान डोलवावी.

आमिष म्हणे पेट्रोल पंपावर मिळतं. पंपावरच्या फ्रीजरमध्ये गोठवलेली माकुलं आणि पिलचर्ड, म्हणजे आपल्या तारलीचा भाऊबंद. इथे मला एक अडचण दिसते. तारली तव्यावर टाकायची की गरीला लावायची, या निर्णयाला माझं मन तयार होत नाही. आणखी एक मासा तिथे आमिषात जमा होतो तो बोय. अगदी आपलाच, मुगिल सेफालस, भाट्याच्या खाडीत उड्या मारणारा. त्याला ते लोक बऱ्याचदा कापून गरीला लावतात किंवा धुरी देऊन खातात. मानुकाऊत बोय भरपूर. कुणी आमिष म्हणून देत असेल तर मी घरी नेऊन तिखलं करीन.

या सगळ्या वाचनात मला सर्वांत जवळचं वाटलं ते डोक्यांचं. तिथले पुष्कळ हौशी लोक माशाच्या दोन बाजू कापून घेतात आणि डोकं, काटा फेकून देतात. हे वाचून ही दोन मिनिटं गप्प बसली. माओरींनाही ते पटत नव्हतं, कारण त्यांच्यात माशाचं डोकं मानाच्या माणसाला देतात. मग २०१६ च्या सुमाराला ऑकलंडमध्ये ‘काई इका’ नावाचा उपक्रम सुरू झाला. हौशी मच्छीमारांकडून आणि मासळीच्या धंद्यातल्या लोकांकडून डोकी आणि काटे गोळा करायचे आणि पापातुआनुकु कोकिरी मराएमार्फत ज्यांना हवेत त्या घरांत पोचवायचे. मराए म्हणजे माओरी समाजाचं जमायचं ठिकाण. आमच्या आळीत डोक्याचं कालवण कुणाच्या पानात जाणार यावर भाऊ भाऊ अबोला धरतात, त्यामुळे या उपक्रमाचं महत्त्व मला कुणी समजवायची गरज नाही. धक्क्यावर शेजारचा माणूस डोकं टाकायला निघाला तर मागायचं कसं, एवढं इंग्रजी वाक्य मी पाठ करतोय.

ट्राउटचा बेतही मनात आहे, पण तो आठवडाअखेरचा, जावयांच्या गाडीतून. गोड्या पाण्यात मात्र परवाना हवाच, आणि तिथेही दोन दुकानं: टाउपो सरोवराच्या भागासाठी निसर्गसंवर्धन खात्याचा वेगळा परवाना आणि बाकीच्या देशासाठी ‘फिश अँड गेम’चा वेगळा. ट्राउट मूळची तिथली नाही. १८६७ साली तपकिरी ट्राउट टास्मानियातून आली, इंद्रधनुषी ट्राउट १८८३ साली कॅलिफोर्नियातून. आता तिची बडदास्त अशी की ती विकायला देशभर बंदी. हॉटेलात मिळत नाही. स्वतः धरून आणलीत तर काही ठिकाणी शिजवून देतात. पैसे टाकून न मिळणारा मासा ही कल्पनाच मला फार आवडली, त्यामुळे परवान्याला मी कुरकुर करणार नाही.

उरला सामानाचा प्रश्न. वापरलेलं मासेमारीचं सामान विमानतळावर जाहीर करावं लागतं. लपवलं आणि सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर. त्यामागे कारण आहे. २००४ साली दक्षिण बेटावरच्या एका नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, कुणाच्या तरी ओल्या सामानातून बाहेरून आलं असावं असा संशय, आणि मग ते दक्षिणेतल्या नद्यांमधून पसरत गेलं. तेव्हापासून गोड्या पाण्यात उतरणाऱ्यांना ‘तपासा, धुवा, वाळवा’ हा पाठ आहे, आणि नमद्याच्या तळव्यांचे बूट घालून ट्राउट धरायला बंदी. माझी जुनी रीळ भाट्याच्या चिखलात मुरलेली आहे. ती धुऊन कितीही वाळवली तरी तिथल्या अधिकाऱ्याला तिचा वास आवडेल असं वाटत नाही, म्हणून ती इथेच राहील. काठी जावयांच्या मित्राकडे आहे. गऱ्या नेणार त्या नव्या, पाकिटातल्या, आणि त्यासुद्धा जाहीर करून. शिसं तिथेच घेईन, कारण सामानाच्या वजनाचा हिशेब ही ठेवते, आणि तिच्या हिशेबात एक किलो शिसं म्हणजे एक किलो घरचा मसाला.