हॅमरब्रुकच्या मातीखाली

मी हॅम्बुर्गला जिओटेक्निकल इंजिनियर आहे, म्हणजे बिल्डिंगच्या आधी खालची जमीन तपासायची. आमची साइट शहरातल्या हॅमरब्रुक भागात होती, आता तिथे सगळी ऑफिसंच. इथे खणण्याआधी दुसऱ्या महायुद्धातले इंग्रजांच्या विमानांनी काढलेले फोटो बघतात, न फुटलेल्या बॉम्बची शंका आली की बोअर मारून जमिनीतलं लोखंड मोजतात आणि मगच पोकलेन आत येतो. त्या सकाळी मोजणीवाल्यांना खाली काहीतरी मोठं लागलं, हळूहळू मोकळं केलं तर 500 पौंडी ब्रिटिश बॉम्ब, फ्यूज अजून आत.

मग काय, पोलीस, 300 मीटरपर्यंत सगळ्या बिल्डिंगा रिकाम्या, लोकल बंद. आम्ही बाहेर उभे. पण माझ्या डोक्यात त्या खड्ड्याची भिंतच होती, कारण वर जळकी वीट आणि वितळलेली काच, त्याखाली अजून एक जुना राडारोड्याचा थर आणि मग काळी चिखलमाती.

तो खालचा थर 1842 च्या आगीचा. मे महिन्यात डाइखश्ट्रासला आग लागली आणि जुन्या शहराचा जवळपास तिसरा हिस्सा गेला, तो राडारोडा आणून ही दलदल भरली, विल्यम लिंडले या इंग्रज इंजिनियरच्या प्लॅनप्रमाणे. पुढे 1883 पासून बंदराच्या गोदामांसाठी, म्हणजे आजच्या श्पायखरश्टाटसाठी, वस्त्या पाडून सुमारे 20 हजार माणसं हलवली, त्यातली बरीच इकडे आली. गोदीत राबणारी माणसं! आणि 27 जुलै 1943 च्या रात्री ब्रिटिश बॉम्बहल्ल्यातून उठलेलं आगीचं वादळ नेमकं यांच्यावरच आलं, वरचा जळका थर तो. त्या आठवड्यातल्या हल्ल्यांत शहरात 34 हजारांवर लोक मेले असं धरतात, हॅमरब्रुक तर जवळजवळ पुसलंच गेलं. प्रेतं आणि न फुटलेले बॉम्ब उचलायला नॉयनगामं छळछावणीतले कैदी लावले होते, हे मला फार लागतं.

आमच्या क्रेनवाल्या आजोबांची आई त्या रात्री कालव्यात उतरून वाचली. डांबर वितळून पाय चिकटत होते असं ती सांगायची म्हणे. ते हे बोलत होते तेव्हा आमच्यातलं कोणी मोबाईलकडे बघत नव्हतं.

काही बॉम्बमध्ये केमिकल फ्यूज असतो, अ‍ॅसिटोनने सेल्युलॉइडची चकती विरघळली की स्फोट, आणि चकती जितकी जुनी तितका भरवसा कमी. आमचा साधा फ्यूज निघाला, संध्याकाळी निकामी केला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही थरांचे सॅम्पल वेगवेगळे घेतले, लेबलवर वर्षं लिहून, 1842 आणि 1943. लॅबला तशी गरज नव्हती, तरी लिहिली.