विणकरांची ११ जुलै

जुलैमध्ये आमच्या घरात सुट्ट्यांचा मेळ काही केल्या बसत नाही. मी इथे बेल्जियममध्ये फ्लेमिश (म्हणजे डच बोलणाऱ्या फ्लँडर्स प्रदेशाच्या) सरकारी खात्यात आहे, म्हणून मला ११ जुलैची सुट्टी. नवरा रोज सीमा ओलांडून फ्रान्सला, लीलला नोकरीला जातो; त्याला १४ जुलैची, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिवसाची. २१ जुलै हा बेल्जियमचा राष्ट्रीय दिवस, १८३१ साली पहिल्या लिओपोल्ड राजाने त्या दिवशी शपथ घेतली म्हणून. ती सुट्टी परत माझीच. १४ जुलै म्हणजे काय हे घरी कुणाला सांगावं लागत नाही. ११ जुलैचं मात्र प्रत्येक फोनवर पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आमचं कोर्ट्राइक पश्चिम फ्लँडर्समध्ये, लाय नदीच्या काठी. ११ जुलै १३०२ ला या गावाच्या वेशीबाहेर विणकर, खाटीक, शेतकरी अशा पायी लढणाऱ्या लोकांनी फ्रान्सच्या राजाचं घोडदळ लोळवलं. तेव्हा फ्लँडर्स फ्रेंच राजाच्या अधिपत्याखालची जहागीर होती. राजा चौथ्या फिलिपने इथल्या काउंटला (जहागीरदाराला) कैदेत टाकलं आणि आपला कारभारी नेमला. श्रीमंत व्यापारी बहुतेक राजाच्या बाजूला, कारागीर काउंटच्या. १८ मे १३०२ च्या पहाटे ब्रुजमध्ये लोकांनी फ्रेंच शिबंदीची घरात घुसून कत्तल केली. त्याचा सूड उगवायला आणि कोर्ट्राइकच्या किल्ल्यात अडकलेली आपली माणसं सोडवायला फ्रेंच सैन्य आलं. सेनापती राजघराण्यातला, आर्त्वाचा रोबेर.

फ्लेमिश लोकांनी जागा हेरली ती मोठी धूर्तपणे. समोर दोन ओढे आणि दलदल, मागे नदी. पळून जायला वाट नाही, हेही बहुधा मुद्दामच. हातात लांब भाले आणि ‘गुडंडाख’ नावाचं हत्यार: माणसाच्या खांद्याला लागेल एवढा जाडजूड सोटा, त्याच्या टोकाला लोखंडी खिळा. आधी सोट्याने हाणायचं, मग खिळा खुपसायचा. श्रीमंताच्या तलवारीच्या मानाने कवडीमोल किमतीचं. हुकूम असा की लूट करायची नाही आणि कैदी धरायचे नाहीत. यातला दुसरा भाग त्या काळी भयंकर होता. सरदार हरला तर त्याला जिवंत पकडून खंडणी मागायची, असा उमरावांमधला रिवाज. मरायची पाळी सहसा पायदळावर यायची.

फ्रेंच पायदळ आणि तिरंदाज पुढे सरकत होते, काम बरं चाललं होतं. पण रोबेरने त्यांना मागे बोलावून घोडेस्वार पुढे सोडले. ओढे ओलांडताना घोड्यांचा वेग गेला आणि भाल्यांची रांग काही फुटली नाही. मग सोटे चालले. खुद्द रोबेर पडला, त्याच्याबरोबर कितीतरी बडे सरदार. मेलेल्यांच्या टाचांवरचे सोन्याचा मुलामा दिलेले काटे (घोड्याला टाच मारायचे ते) गोळा करून गावातल्या मेरीमातेच्या चर्चमध्ये टांगले, म्हणून ही ‘सोनेरी काट्यांची लढाई’. त्याच चर्चमध्ये व्हॅन डाइकचं एक मोठं चित्र आहे. पाहुणे त्यासाठी येतात आणि मान वर करून काटेच बघत बसतात.

आता हा दिवस ‘आमची भाषा, आमची माती’ म्हणून साजरा होतो. भाषणं, बँडबाजा, बिअर, खिडक्याखिडक्यांतून पिवळ्या झेंड्यावर काळा सिंह. झेंड्याकडे नीट बघायला मी इथे आल्यावर शिकले. सिंहाची जीभ आणि नखं लाल असली तर तो सरकारी झेंडा. सगळा सिंह काळाच असला, तर तो फ्लँडर्स वेगळं व्हावं म्हणणाऱ्यांचा; त्या घरात बेल्जियमचा विषय जरा जपून काढावा. आमच्या गल्लीत दोन्ही आहेत.

गंमत अशी की १३०२ ची लढाई भाषेची नव्हतीच. फ्लेमिश सैन्याच्या पुढाऱ्यांपैकी एक नामूरचा खी, आणि नामूर आज फ्रेंच बोलणाऱ्या वालोनियाची राजधानी. उलट डच बोलणाऱ्या ब्राबांटचा गोडफ्रे फ्रेंचांकडून लढला आणि तिथेच मेला. काउंटच्या घरातही फ्रेंच चालायची. भांडण करांचं, सत्तेचं आणि धंद्याचं. भाषेचा रंग चढला १९ व्या शतकात, हेन्ड्रिक कॉन्शियन्सच्या या लढाईवरच्या १८३८ च्या कादंबरीने. या लेखकाचे वडील होते फ्रान्सचे, बझाँसाँचे! १९७३ पासून ११ जुलै हा फ्लेमिश समाजाचा अधिकृत दिवस झाला. हे सगळं इथल्या लोकांना ठाऊक आहे. ऑफिसात मी विषय काढला तर माझ्याआधी तेच सांगतात आणि पुढचा ग्लास भरतात. मला हे आवडतं. इतिहास माहीत असून सण करणं, इतिहास माहीत नसताना करण्यापेक्षा बरं.

तारखेचंही तसंच. १३०२ मध्ये युरोपात जुनं ज्युलियन पंचांग होतं, आजच्या हिशेबाने तो दिवस १९ जुलै येतो. शिवजयंती तारखेने की तिथीने, हे ऐकत मोठी झालेली मी इथल्या मंडळींना हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. कुणी भुवईसुद्धा उचलली नाही.

विजय फार टिकला नाही, हे भाषणांत येत नाही. १३०५ च्या तहात फ्लँडर्सवर जबर दंड बसला आणि लील हातचं गेलं; नवऱ्याचं ऑफिस आज फ्रान्समध्ये आहे त्याची मुळं तिथपर्यंत पोचतात. मग २७ नोव्हेंबर १३८२ ला वेस्टरोझबेकला फ्लेमिश सैन्याचा पुरता धुव्वा उडाला. फ्रान्सचा राजा सहावा शार्ल तेव्हा अवघा १३ वर्षांचा होता. त्याच्या सैन्याने चर्चमधले काटे काढून नेले आणि गाव जाळलं. आज टांगलेले काटे नकला आहेत. बुर्गुंडीच्या ड्यूकने तर घंटाघरावरचा ठोके देणारा पुतळाही घड्याळासकट उचलून फ्रान्समधल्या दिझाँला नेला. तो तिथल्या नोत्रदाम चर्चवर जाकमार या नावाने अजून तास वाजवतो, आणि दिझाँचे लोक तो आपलाच मानतात. आमच्या घंटाघरावर आता ‘मांटन’ आणि ‘काले’ या नवरा-बायकोच्या पुतळ्यांची जोडी आहे. मोठ्या चौकातल्या कुठल्याही कॅफेत बसलं की ती दिसते. जुलैत येणार असाल तर ११ तारखेला या. सुट्टी माझी आहे, नवऱ्याची नाही.