उन्हाने भाजलेल्या त्वचेसाठी कोरफड

मे महिन्यात कोकणच्या किनाऱ्यावर दुपार काढली, की संध्याकाळी खांदे आणि मान लालबुंद होऊन चुरचुरू लागतात आणि हा दाह पुढचे 12 ते 24 तास वाढतच जातो. अशा वेळी सर्वांत आधी 10-15 मिनिटे गार पाण्याच्या ओल्या सुती कापडाच्या घड्या ठेवाव्यात. बर्फ मात्र थेट लावू नये, कारण त्याने आधीच दुखावलेल्या त्वचेला आणखी इजा होते.

त्यानंतर माझा भरवसा कोरफडीवर आहे. जाडसर पान बुडाशी कापून थोडा वेळ उभे ठेवले, की कापलेल्या कडेतून पिवळा, कडू चीक निथळतो. तो त्वचेला झोंबतो, म्हणून पान स्वच्छ धुऊन, साल काढून आतला पारदर्शक गरच हलक्या हाताने लावावा. कोरफड सोसते की नाही हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडी लावून पाहावी.

लिंबाचा रस लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते, कारण लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर फोड येऊन काळे डाग राहू शकतात. खोबरेल किंवा कोकमापासून काढलेले भिरंडेल दाह पूर्ण शमल्यावर, साल निघू लागली की उपयोगी पडते. पाणी, ताक भरपूर प्यावे. मोठे फोड, ताप, थंडी किंवा उलट्या असतील, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे, लहान मुलांच्या बाबतीत तर तातडीने.