टिटवी विकायला काढली

१९ एप्रिल, शनिवार

आज ताडपत्री काढली. पाच महिने आमची शिडाची बोट, "टिटवी", ड्राइव्हवेच्या कडेला ट्रेलरवर पडून होती. आत ओलीचा वास, त्यात थोडा पेट्रोलचा. शिडाची पिशवी उलटी केली तर गवतावर मूठभर वाळलेले फिशफ्लाय पडले, नुसते पंख आणि टरफलं. जून-जुलैत इथल्या, मिशिगनच्या लेक सेंट क्लेअर या तळ्यातून हे किडे लाखांनी बाहेर पडतात, एक-दोन दिवस जगतात आणि काठावरच्या गावांत दिव्याच्या खांबांखाली इतके साचतात की चालताना पायाखाली करकरतात. गेल्या जुलैत शीड झटकायचा कंटाळा केला होता, त्याचा हा पुरावा.

विकायचं कारण साधं आहे. पंचवीस फुटी डोलकाठी उभी करायला दोन माणसं लागतात. आमच्यातलं एक माणूस पोर्टलंडला शिकायला गेलंय, दुसऱ्याचा खांदा गेलाय.

बोट कॅटलिना २२, १९८४ सालची. फ्रँक बटलर या कॅलिफोर्नियातल्या गृहस्थाने १९६९ पासून या बनवायला घेतल्या आणि पुढे पंधरा हजारांवर बनल्या. म्हणजे आमचं रत्न काही दुर्मीळ नाही. पण त्यामुळेच स्क्रूपासून सुकाणूपर्यंत सगळं आजही मिळतं. खाली अडीचशे किलोची ओतीव लोखंडाची कील आहे, म्हणजे बोट कलंडू नये म्हणून पाण्यात सोडलेलं जड पातं, बिजागरीवर फिरणारं. वर ओढली की बोट दोन फूट पाण्यात तरंगते, सोडली की पाच फूट पाणी लागतं. आमच्या तळ्याची सरासरी खोलीच अकरा फुटांच्या आसपास, तेव्हा इथे हीच बोट शोभते. मी साताऱ्याचा. कृष्णेच्या डोहापलीकडे पाणी माहीत नसलेल्या माणसाला तिने बारा वर्षं बुडवलं नाही, हे मी जाहिरातीत लिहिणार होतो. मुलीने फोनवर "बाबा, प्लीज" म्हटलं, म्हणून खोडलं.

२० एप्रिल

सकाळी चहा घेताना बायको म्हणाली, "अरे, निदान आतून तरी रंग मार. कोण घेईल असली कळकट?"

नाही मारणार. २०१३ साली ही बोट मी घेतली तेव्हा केबिन आतून पांढरीशुभ्र होती, रंगाचा वाससुद्धा गेला नव्हता. डोलकाठीच्या बुडाशी एक कोरी रबरी मॅट. विकणारे गृहस्थ बोलायला फार गोड, कॉफी पाजली, जुने नकाशे फुकट दिले. जूनमध्ये मॅट उचलली तर पायाखालचा डेक ओल्या पुठ्ठ्यासारखा दबला. वरून फायबरग्लासचा पातळ थर असतो, मधे प्लायवूड. एखाद्या बोल्टच्या भोकातून पाणी झिरपत राहिलं की आतलं लाकूड कुजतं, वरून काही कळत नाही. तो सगळा उन्हाळा मी डेक कापून, कुजका भुसा खरवडून, इपॉक्सी (घट्ट होणारा राळेसारखा पदार्थ) भरण्यात घालवला. तेव्हापासून विकाऊ वस्तूवर ताजा रंग दिसला की माझे कान टवकारतात. घर बघायला गेलो तरी.

तेव्हा धुणार, घासणार, पुसणार. रंगाचा ब्रश हातात घेणार नाही. बायको म्हणाली, "मग बसा बोट सांभाळत." रागावली की ती मला अहो-जाहो करते.

२६ एप्रिल

आज दिवसभर ठोकाठोकी. स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्यायची आणि इंचाइंचावर डेकवर टकटक करत जायचं. धड जागी आवाज कडक येतो, टक, टक. कुजलेल्या जागी थप. माठ घेताना आई वाजवून बघायची तसंच. डोलकाठीच्या बुडाशी मी भरलेला भाग अजून टक म्हणतो, तेवढ्यापुरती छाती फुगली. पण डावीकडे, डोलकाठीला बाजूने ताणून धरणारी तार जिथे डेकला जखडलेली आहे, तिथे बशीएवढ्या जागेत थप. ही माझ्या कारकिर्दीतली. तिथलं सील दर दोन वर्षांनी बदलायला हवं होतं, मी सहा वर्षं काढली. निळ्या टेपने त्याभोवती गोल केला आणि टेपसकट फोटो काढला.

मग तारा. स्टीलच्या पिळाचा एखादा धागा तुटला तर डोळ्यांना दिसत नाही, हाताचं बोट फिरवलं तर रक्त काढतो. म्हणून सुती फडकं. आईच्या जुन्या नऊवारीचा तुकडा या गॅरेजमध्ये कसा आला देव जाणे, पण तो मऊ आहे. तार मुठीत धरल्यासारखी फडक्यात धरून वरून खाली आणली. उजवीकडच्या तारेच्या अगदी शेवटी, जिथे ती टोकाच्या नळीत घुसते तिथे, फडकं अडकलं. एकच धागा, पांढऱ्या सुतात लटकलेला. लगेच नवी तार मागवली. कुजका डेक सांगून विकता येतो. डोलकाठी उद्या कुणाच्या पोराच्या डोक्यात पडेल अशी बोट सांगूनही विकता येत नाही.

कील उचलणारी केबलही बदलली, ती पायरीखालच्या विंचपाशी (केबल गुंडाळायच्या चाकापाशी) विरली होती. ती तुटली तर अडीचशे किलो एकदम खाली झुलतात आणि बोटीचं पोट फोडू शकतात. ट्रेलरखाली उताणं पडून हे काम करताना खांद्याने जे काही म्हणायचं ते म्हटलं. मोटरचं गिअर ऑइल काढून पाहिलं, दुधाळ नव्हतं, म्हणजे आत पाणी शिरलेलं नाही. सुटलो.

३ मे

कागदपत्रं. वीस फुटांवरच्या बोटीला मिशिगनमध्ये टायटल, म्हणजे मालकीचा कागद, लागतं, ते बँकेच्या लॉकरमध्ये निघालं. त्यावरचा बारा अक्षरांचा नंबर बोटीच्या मागच्या बाजूला उजवीकडे कोरलेल्या नंबराशी ताडून पाहिला. सुरुवातीच्या सीटीवाय या अक्षरांपासून शेवटच्या ८४ पर्यंत तंतोतंत जुळला. ट्रेलरचे कागद वेगळे.

दुपारी नाव काढलं. मुलगी आठवीत असताना तिने बोटीच्या निळ्या हलवर, म्हणजे बाहेरच्या अंगावर, पांढऱ्या विनाइलची अक्षरं कापून चिकटवली होती, "टिटवी". बोटी पाण्यात उतरवायच्या रॅम्पवरचे लोक विचारायचे ही कुठली लिपी. हेअर ड्रायरने गरम करून नखाने सोलली तर अक्षरं सहज निघाली. पण बाकीची हल उन्हाने फिकी झालीय आणि अक्षरांखालचा रंग तसाच गडद राहिलाय. म्हणजे आता नाव निळ्यावर निळं, लांबूनसुद्धा वाचता येतं. दीड तास पॉलिश घासलं. वेलांटी थोडी पुसट झाली, बाकी काही नाही. सोडून दिलं.

१० मे

जाहिरात टाकून आठवडा झाला. एकाने न बघता निम्मी किंमत सांगितली. दुसरे आले, निळा टेप बघितला, "प्रामाणिक आहात" म्हणाले आणि गेले. बायको खिडकीत होती. बोलली काही नाही, पण न बोलण्याचीसुद्धा तिची पद्धत आहे.

आज एक तरुण जोडपं आलं. मी त्यांच्या हातात दोषांची छापील यादी ठेवली, चौदा कलमं. थप वाजणारा डेक, मेनसेलची (मोठ्या शिडाची) उन्हाने विरलेली शिवण (नखाने घासली की दोरा तुटतो), खिडकीची गळती, कील आडवी हलते आणि नांगर टाकून झोपलात तर रात्रभर ठकठक करते, वगैरे. त्यातल्या मुलीने यादी घडी घालून खिशात टाकली, माझा स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि टेपच्या गोलाबाहेर ठोकायला सुरुवात केली. अख्खा डेक वाजवला. पंचेचाळीस मिनिटं. मला थोडा राग आला आणि ती मनापासून आवडलीही. बत्तीसशे डॉलर सांगितले होते, अठ्ठावीसशेला ठरलं. टायटलवर सही केली.

ट्रेलर वळणावरून गेला तेव्हा मी आत येऊन भांडी घासली. ड्राइव्हवेवर आयताकृती कोरडी जागा राहिली होती, संध्याकाळच्या पावसात तीही गेली.

२५ मे

सकाळी त्या मुलीचा मेसेज. बावीस सेकंदांचं रेकॉर्डिंग आणि खाली प्रश्न: बोटीच्या पोटातून हा घुमल्यासारखा आवाज येतोय, यादीत नव्हता, काय बिघडलंय?

मी लावलं. बायकोने स्वयंपाकघरातूनच ओळखलं, "अगंबाई, टिटवी!"

कील खाली असली आणि बोट चार-पाच नॉट वेगाला पोचली की पाण्यात ताणलेली कीलची केबल थरथरते आणि सगळी केबिन तंबोऱ्यासारखी घुमू लागते. तिच्यावर रबरी नळी चढवली की थांबतो म्हणे आवाज. मी कधी चढवली नाही. वेग मोजायचं यंत्र पहिल्याच वर्षी बिघडलं, नंतर आम्ही या आवाजावरच चालवत होतो. तो यादीत लिहायचा असतो हे सुचलंच नाही.

उत्तर लिहिलं: काही बिघडलेलं नाही, शीड आहे तसंच धरून ठेवा.